मावळतीनंतरचा शनिवारवाडा

दिवस मावळतीला लागला की पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी रोज एकच दृश्य दिसते. पहारेकऱ्याची शिट्टी वाजते, आत रेंगाळणारी मंडळी दिंडीतून एकेक करून बाहेर पडतात, आणि हत्तीच्या मस्तकाच्या उंचीवर अणकुचीदार लोखंडी खिळे बसविलेली ती अजस्र दारे लोकांपुरती मिटून जातात. नेमक्या याच सुमारास कचेऱ्या सुटलेल्या असतात. दिवसभर खर्डेघाशी करून निघालेला कारकून, शेवटचा तास घेऊन परतणारा शिक्षक, शिकवणीहून घराकडे वळलेला विद्यार्थी असे सारे त्या तटाखालून जातात. आत जाण्याची त्यांना इच्छा नसते असे नाही. पण ज्या वेळी त्यांना सवड मिळते, त्याच वेळी इतिहासाची कचेरी बंद होते.

हा काही एकट्या शनिवारवाड्याचा दोष नव्हे. १९५८ चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा आणि त्याखाली १९५९ साली झालेले नियम यांनी संरक्षित स्मारकांसाठी सर्वसाधारण वेळ ठरवून दिली ती सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतची. त्या काळी ती शहाणपणाचीच होती. दिव्यांची सोय नव्हती, रखवालदार तुटपुंजे होते आणि पडक्या वास्तूत अंधारात शिरणाऱ्या माणसाचा हेतू क्वचितच चांगला असे. तथापि साठाहून अधिक वर्षांपूर्वीच्या परिस्थितीसाठी केलेली तरतूद आज केवळ सवयीने चालू ठेवावी काय, याचा विचार करण्याची वेळ आली आहे. खुद्द केंद्र सरकारलाही तसे वाटले, असे दिसते. जुलै २०१९ मध्ये देशातील १० स्मारके रात्री ९ वाजेपर्यंत उघडी ठेवण्याचे जाहीर झाले. दिल्लीची हुमायूनची कबर, विजापूरचा गोल घुमट, पाटणची राणी की वाव ही नावे त्या यादीत होती. महाराष्ट्राच्या वाट्याला गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथील देवालये आली. ती थोर आहेत यात शंका नाही. परंतु लक्षावधी नोकरदार ज्याच्या भोवती रोज वावरतात, तो पेशव्यांचा वाडा त्या यादीत नव्हता.

कोणी म्हणेल, रविवार आहे की! परंतु रविवारी नोकरदाराच्या घरी किती कामे साठलेली असतात, हे अशी शंका घेणाऱ्याला ठाऊक नसावे. शिवाय प्रश्न केवळ सवडीचा नाही. शनिवारवाडा भर उन्हात पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावाने पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवार होते. नानासाहेबाच्या काळात वाडा वाढला, तटबंदी पुरी झाली. पेशवे हे छत्रपतींचे प्रधान, राजे नव्हेत. तरी १७४९ साली शाहू महाराज निवर्तल्यावर हिंदुस्थानच्या राजकारणाची सूत्रे बहुतांशी याच वाड्यातून हलत होती. पुढे १७ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीने आतले सारे लाकूडकाम गिळून टाकले. उरले ते तट, बुरूज, दरवाजे, नगारखाना आणि जोती. आज दुपारच्या रखरखाटात जो पाहुणा आत जातो त्याला हिरवळ दिसते, हिरवळीत दगडी चौथरे दिसतात, सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंजाचा कोरडा हौद दिसतो. कुठे दिवाणखाना, कुठे गणेशमहाल, कुठे फड, हे त्याने फलक वाचून ताडावयाचे. दहा मिनिटांत तो सावली शोधू लागतो आणि ‘काही नाही हो आत’ असा अभिप्राय देऊन बाहेर पडतो.

लोकांना आत काही दिसत नाही आणि अंधार पडल्यावर तर आत जाताच येत नाही. मग ती रिकामी जागा कशाने भरते? भुताने. शनिवारवाड्याविषयी महाराष्ट्रातील शाळकरी मुलाला एक गोष्ट हमखास ठाऊक असते: पौर्णिमेच्या रात्री तिथून एका कोवळ्या मुलाची ‘काका, मला वाचवा’ अशी आरोळी ऐकू येते. बाजीरावाच्या मोहिमा कोणत्या, हे त्याला सांगता येईलच असे नाही. पण ही आरोळी मात्र त्याने पाठ केलेली असते. अलीकडे देशातील झपाटलेल्या जागांच्या ज्या याद्या होतात, त्यांतही पेशव्यांच्या या राजधानीला मानाचे पान मिळते. ही करमणूक निरुपद्रवी आहे असे पुष्कळांना वाटते. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही.

कारण प्रत्यक्षात घडले ते असे. नारायणरावाचा खून झाला तो ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, ऐन गणेशोत्सवात. पौर्णिमा तेव्हा यावयाचीच होती, आणि रात्रीचा तर संबंधच नव्हता. खून झाला तो भर दुपारी. सकाळी पेशवे पर्वतीला जाऊन आले होते. कटाची कुणकुण त्यांच्या कानी आली होती. हरिपंत फडके यांना बंदोबस्ताची सूचनाही मिळाली होती, पण ते आधी भोजनास गेले, असे इतिहासकारांनी नोंदविले आहे. एवढ्यात पगार थकल्याचा कांगावा करीत सुमेरसिंग गारदी व त्याचे साथीदार वाड्यात घुसले. ज्याला नजरकैदेत ठेवले होते, त्या रघुनाथराव चुलत्याच्याच कमरेला अठरा वर्षांच्या पेशव्याने मिठी मारली आणि तिथेच त्याचे तुकडे झाले. ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले, याविषयी आनंदीबाईकडे बोट दाखविणारी परंपरा सर्वश्रुत आहे. पण ती परंपरा आहे, पुरावा नव्हे.

अंधारात झालेला खून भुताच्या स्वाधीन करता येतो. भर दुपारी, शेकडो माणसांच्या वर्दळीत, राजधानीच्या मध्यभागी झालेल्या खुनाला मात्र माणसांनीच उत्तर द्यावे लागते. पहारा कुठे होता? सैनिकांचे पगार का थकले होते? सूचना मिळूनही बंदोबस्त का झाला नाही? सत्तेवर हक्क सांगणारा चुलता त्याच वाड्यात ठेवून राज्य सुरक्षित राहील, अशी कल्पना कोणाची होती? हे प्रश्न राज्यकारभाराचे आहेत, आणि त्यांचे उत्तर त्या काळातही शोधले गेले. रामशास्त्री प्रभुणे यांनी तपास करून सत्ताधीश झालेल्या रघुनाथरावालाच दोषी ठरविले. न्यायाधीशाने गादीवरच्या माणसाला अपराधी म्हणावे, याहून मोठी घटना त्या वाड्याच्या इतिहासात क्वचितच घडली असेल. त्यानंतर बारभाईंचे कारस्थान झाले, रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत मराठ्यांचे इंग्रजांशी पहिले युद्ध चालले. एका दुपारच्या हलगर्जीपणाची ही किंमत होती. हे सारे गाळून आपण मुलांच्या हाती ठेवतो ती एक किंकाळी. जबाबदारीचा प्रश्न भयाच्या आड लपविण्याचा हा सोयीस्कर मार्ग आहे, आणि तो मार्ग बंद करावयाचा तर वाड्याचे दार रात्री उघडावे लागेल. ज्या जागेत चार शहाणी माणसे दिवा घेऊन हिंडतात, तिथे भुताला थारा मिळत नाही.

आता इतरत्र काय होते ते पाहू. आग्र्याचा ताजमहाल सुरक्षेच्या कारणावरून १९८४ पासून रात्री बंद होता. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने २००४ साली तो पुन्हा चांदण्यात पाहता येऊ लागला. पौर्णिमा आणि तिच्या मागचे-पुढचे दोन दोन दिवस, अशा पाच रात्री. त्यातही शुक्रवार आणि रमजानचा महिना वगळून. ५० जणांची एक तुकडी, प्रत्येकीला अर्धा तास, एका रात्री अधिकात अधिक ४०० माणसे, अशी ही शिस्त आहे. ताजमहाल राजवाडा नव्हे, परंतु तितक्या नाजूक आणि तितक्या गर्दीच्या वास्तूला जर रात्रीचा नियम लावता आला, तर तो कोणत्याही वास्तूला लावता येईल.

म्हैसूरने वेगळी वाट धरली. तेथील जुना लाकडी राजवाडा १८९७ साली जळाला आणि त्या जागी नवा १९१२ मध्ये पुरा झाला. आज रविवारी, सुट्टीच्या दिवशी आणि दसऱ्याच्या उत्सवात सुमारे एक लाख दिव्यांनी तो उजळतो. विजेच्या उत्पादनात म्हैसूर संस्थान अग्रेसर होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दिव्यांना स्वतःचा असा ऐतिहासिक अर्थ आहे, हे मान्य करावे लागते. हजारो सामान्य माणसे मुलाबाळांसह त्या प्रांगणात उभी राहून तो देखावा पाहतात, त्यांचा आनंद खोटा नाही. तरीही तो देखावाच. राजवाड्याचा अंतर्भाग त्या वेळी बंद असतो. प्रजा पूर्वी जशी बाहेरून वैभव पाहत असे, तशीच आजही पाहते. दिवे मालवले की ज्ञानात काही भर पडलेली नसते.

दक्षिण कोरियातील सोल शहराने तिसरा मार्ग दाखविला आहे. १४०५ साली उभारलेला तेथील चांगदोकगुंग राजवाडा जागतिक वारशाच्या यादीत आहे. २०१० पासून ठराविक मोसमात तिथे चांदण्यातील फेरी काढली जाते. थोड्या थोड्या लोकांच्या तुकड्या होतात, हाती कंदील दिला जातो, बरोबर जाणकार माणूस असतो, आणि दरबाराच्या इमारतीपासून मागच्या बागेतील तळ्यापर्यंत माणसे हळू आवाजात बोलत चालत जातात. प्रवेशपत्रिकांना इतकी मागणी असते की अलीकडे त्या सोडत काढून वाटाव्या लागतात. तेथे प्रखर झोत नाहीत, कर्णकर्कश ध्वनिक्षेपक नाहीत. आपल्याकडील कल्पनेच्या नेमके उलट असे हे आहे. आपल्याकडे ‘रात्रीचे पर्यटन’ म्हटले की रंगीबेरंगी दिवे, भिंतींवर नाचणारी चित्रे आणि नाटकी आवाजातले निवेदन एवढेच डोळ्यांपुढे येते. खुद्द शनिवारवाड्यातही ध्वनिप्रकाशाचे कार्यक्रम झालेले आहेत. त्यांचा उपयोग मुळीच नाही असे कोणी म्हणणार नाही. पण तिथे प्रेक्षक खुर्चीवर बसतो आणि इतिहास त्याच्या अंगावर येतो. वाड्यातून चालणे ही निराळी गोष्ट आहे.

रात्री दार उघडण्याविरुद्धचे आक्षेप मात्र गंभीरपणे विचारात घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप सुरक्षेचा. वाड्यात चौथरे उंचसखल आहेत, तटावरचे जिने अरुंद आहेत, हौद आहेत. अंधारात अपघात होईल ही भीती रास्त आहे. म्हणूनच तट रात्री बंद ठेवावा, ठरलेल्या वाटेनेच लोकांना न्यावे आणि एका वेळी मोजकीच माणसे आत सोडावीत. दुसरा आक्षेप वास्तूच्या जपणुकीचा. जो वाडा एकदा आगीने गेला, तिथे उघड्या तारा, तात्पुरते मंडप आणि पेटते पलिते यांना कदापि जागा असू नये. मशालींचा आभास निर्माण करण्याच्या हौसेखातर खरी ज्योत आत नेणे हा शुद्ध वेडेपणा होईल. दिवे मंद, जमिनीलगतचे आणि भिंतीला खिळा न मारता ठेवता येतील असे हवेत. तटाच्या फटींत राहणाऱ्या पाखरांचा आणि वटवाघळांचाही त्या अंधारावर काही हक्क आहे, हे विसरून चालणार नाही. तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा, आणि तोच सर्वांत खरा आहे. सायंकाळी दार उघडे ठेवावयाचे म्हणजे दिवसभर उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्यालाच आणखी तीन तास उभे करावयाचे, असा अर्थ होता कामा नये. नोकरदारांच्या सोयीसाठी दुसऱ्या नोकरदाराची विश्रांती हिरावून घेणे हा न्याय नव्हे. वेगळी पाळी, वेगळे वेतन आणि शिकविलेले मार्गदर्शक यांची तरतूद होणार नसेल, तर ही सूचना कागदावरच राहिलेली बरी.

चौथा मुद्दा आक्षेप म्हणून फारसा कोणी मांडत नाही, पण तो मांडला पाहिजे. २०१० साली स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रित झाले. शनिवारवाड्याभोवतीच्या पेठांत जुने वाडे आहेत, भाडेकरू आहेत, पावसाळ्यात टेकू दिलेल्या भिंती आहेत. त्यांच्या पुनर्बांधणीचा प्रश्न या नियमामुळे वर्षानुवर्षे अडून राहिला आहे. स्मारक जपण्यासाठी नियम हवा, हे खरे. परंतु ज्या शेजाऱ्यांच्या डोक्यावरचे छप्पर या स्मारकाच्या इभ्रतीसाठी गळते आहे, त्यांना त्या स्मारकापासून मिळते काय? दिवसा मोटारींची गर्दी आणि रात्री बंद दाराचा काळोख. स्मारकाचा भार जो वाहतो, त्याचा त्या स्मारकावर पहिला हक्क असला पाहिजे. रात्रीच्या फेरीत काही जागा आसपासच्या पेठांतील रहिवाशांसाठी आणि शाळांसाठी विनामूल्य राखून ठेवल्या, तर त्यांच्या घरांचा प्रश्न सुटणार नाही. पण हे स्मारक आपल्या उरावर बसलेले नसून आपल्या मालकीचे आहे, ही जाणीव तरी उत्पन्न होईल. आणि ज्यांना मालकीची जाणीव असते, ते आपल्या घरांचा प्रश्नही अधिक ठामपणे मांडतात.

मग करावे तरी काय? प्रारंभ लहानच असावा. महिन्यातून चार संध्याकाळी, कचेऱ्या सुटल्यानंतर दोन तास, २५-३० जणांच्या तुकड्या आत न्याव्यात. शुल्क इतके असावे की शिक्षकाला सहकुटुंब जाता येईल. मिरवण्याची हौस असलेल्या श्रीमंतांच्या मेजवान्यांना ते पटांगण भाड्याने मिळण्याची पहिली पायरी म्हणून ही योजना वापरली जाऊ नये. भुयारी रेल्वेचे कसबा पेठ स्थानक २०२४ पासून चालू झाले आहे, तेव्हा परतीच्या प्रवासाची अडचणही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. आणि मार्गदर्शकाच्या तोंडी कल्पित संवाद न देता कागद द्यावेत.

कारण या वाड्याचे खरे वैभव कागदांत आहे. लाकडी महाल जळून गेले. पेशवे दफ्तर उरले. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी लिपीतील त्या रुमालांचा प्रचंड संग्रह आहे. त्यांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. ते कागद बाजीरावाने किंवा नानासाहेबाने बसून लिहिलेले नाहीत. ते फडावरच्या कारकुनांनी लिहिले: रोजकीर्दी, हिशेब, आज्ञापत्रे, बातमीपत्रे. समईच्या उजेडात बोरू झिजविणाऱ्या त्या माणसांची नावे फलकांवर नाहीत. नारायणराव पडला तेव्हा त्याच्या अंगावर स्वतःला झोकून देऊन त्याच्याबरोबर मेलेल्या चाफाजी टिळेकराचे नावही शाळकरी मुलाला सहसा ठाऊक नसते. त्या दुपारी धन्याबरोबर आणखी चाकरमाणसेही कापली गेली. पौर्णिमेच्या आरोळीत त्यांचा आवाज नाही. भुतांच्या गोष्टींतही नोकरांना जागा मिळत नाही!

रात्री त्या जोत्यांवरून चालताना एखाद्या मार्गदर्शकाने कंदील वर धरून सांगावे की, ‘येथे फड होता, येथे तुमच्याआमच्यासारखी माणसे बसत, राज्य कसे चालले आणि कसे बुडाले, हे त्यांनी लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते.’ ऐकणाऱ्यांत दिवसभर आवक-जावक नोंदवून आलेला एखादा कारकून असेल. शनिवारवाड्याशी आपला संबंध काय, हे त्याला निराळे समजावून सांगावे लागणार नाही. शेजारी त्याची मुलगी उभी असेल आणि ती विचारील, ‘पण बाबा, मग भूत कुठे आहे?’ त्याने तिला भर दुपारच्या त्या खुनाची खरी हकीगत सांगावी, रामशास्त्र्यांचा निवाडा सांगावा, हरिपंतांचे भोजन सांगावे. ती घाबरणार नाही. पण घरी जाईपर्यंत ती प्रश्न विचारीत राहील. नागरिक घडतात ते अशा प्रश्नांतून.

वाड्याचे दार रात्री मिटलेले राहण्यात आजवर कोणाला काही गैर वाटले नाही, कारण आत काही नाही अशीच आपली समजूत होती. प्रत्यक्षात आत एका राज्याचा जमाखर्च मांडलेला आहे. तो वाचण्यासाठी फार दिवे लागत नाहीत, एक पुरतो. तो लावण्याचे काम मात्र कोणीतरी आपल्या अंगावर घेतले पाहिजे.